जव्हारकडच्या आश्रमशाळेत मुलांसाठी गाण्याचा कार्यक्रम करायचाय, तयारी काय करावी?

तुम्ही चौघं वादक, सोबत स्पीकर, मिक्सर आणि दोन तासांचा कार्यक्रम, असं प्रश्नात लिहिलंय. स्पीकर आणि मिक्सर घरीच ठेवा. विजेचा भरवसा नसतो हे एक, पण खरं कारण वेगळं आहे. मुलांना रांगेत बसवून लांबून वाजवलं की ती गुरुजींकडे बघत टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. तीच मुलं वाद्याला हात लागेल इतकी जवळ आली की मग हलत नाहीत.

मी पेटी वाजवतो आणि पालघर जिल्ह्यातल्या अशा शाळांत बरेचदा जातो. पेटीसोबत पितळेची एक सुटी रीड, म्हणजे पेटीत सूर काढणारी जीभ, नेतो. गाण्याआधी ती मुलांकडे देतो. फुंकून बघा म्हणतो. सूर निघाला की सगळ्यांना ती हवी असते. मग पेटीचं झाकण काढून आत अशाच किती आहेत ते सांगायचं. अशा वेळी कुणीतरी तारप्याचं, म्हणजे इथल्या आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचं, नाव काढतंच, आणि बरोबरच आहे ते. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, आत पातळ जिभा, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. पेटी आणि तारपा एकाच जातीची वाद्यं आहेत. हे मुलांना आपल्याआधी कळतं, याचा मला फार आनंद होतो.

म्हणून माझा आग्रह एकच: जवळच्या पाड्यावरचा तारपा वाजवणारा माणूस बोलवा आणि त्याला मध्यभागी बसवा, शेवटी पाच मिनिटं देऊन बोळवण नको. तो गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्याला पेटीच्या पट्टीत यायला सांगू नका. तिथं पेटी बंद ठेवायची. ढोलकी आणि टाळ त्याच्या मागून गेले की पुरे. मुलं आपोआप हात धरून फेर धरतील. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा यांचं वादन जाण्याआधी जरूर ऐका.

तारीख ठरवताना शेती बघा. तारपा निघतो तो भातकापणीच्या सुमारास. दिवाळीत शाळेला सुट्टी असते आणि त्यानंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पाडे ओस पडतात. आश्रमशाळेतली मुलं मात्र राहतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी सोयीचा. परवानगी मुख्याध्यापकांमार्फत जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आधीच मागा. फोटो काढून ते सगळीकडे टाकायचे असतील तर नुसती तोंडी विचारणा चालणार नाही.

भाषेची फार काळजी नको. लहान वर्गातल्या मुलांना पुस्तकी मराठी जड जाते, म्हणून निवेदन कमी, ठेका जास्त. पाऊण तास पुरे, मग वाद्यं मुलांच्या हातात द्या. एखादी तार तुटेल, जास्तीची न्या.

आणि तारपेवाल्याला मानधन तुमच्याइतकंच द्या, त्याच दिवशी, रोख.