टोपी घालून वर्गात जाण्याआधी

प्रिय बेटा,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. आईला जाऊन तीन दिवस होत नाहीत, आणि तू विचारत होतास, "सर, माझ्या तिसरी-चौथीचं काय करू?" या प्रश्नावरून तुला कोणी बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. वर्ग आपला वाटतो त्यालाच तो अशा वेळी आठवतो.

रामेश्वरच्या संगमावर अस्थी सोडून झाल्या की एक दिवस शाळेत जाऊन ये. आत्या-मावश्या म्हणतील, सुतकात वेस ओलांडू नको. त्यांना नीट समजावून सांग, अमळनेरहून सकाळची चोपड्याची गाडी धर आणि दिवस मावळायच्या आत परत ये. दारावर येणारी माणसं तुला भेटायलाच येतात.

एवढा खटाटोप का, ते सांगतो. 1994 साली माझे वडील वारले तेव्हा मी निरोप पाठवून परस्पर गावी निघून गेलो. मुलांना सांगण्यात आलं, गुरुजींना ताप आलाय. दहाव्याला मुंडण करून डोकं काढलं आणि गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपवायचा विधी, आटोपून टोपी घालून वर्गात शिरलो. सगळी पोरं टोपीकडे बघत होती. मी सरळ पाढे घ्यायला लागलो. पुढच्या पट्टीवर एक मुलगा बसायचा, पावसाळ्यात त्याचा बाप गेलेला. त्याचंही डोकं तेव्हा असंच काढलेलं. तो उठून म्हणाला, "गुर्जी, तुमना बाप मरी गया का?"

मी म्हणालो, "गप बस. पाढा म्हण."

त्या सगळ्या वर्गात मला काय झालंय हे त्या एकट्याला कळलं होतं, आणि मी त्यालाच गप्प केलं. वर्षभर तो पुन्हा माझ्याशी आपण होऊन बोलला नाही. ते दोन शब्द मला अजून टोचतात.

म्हणून तू मुलांना स्वतः सांग. परिपाठ झाला की समोर बसव आणि म्हण, माझी आई वारली, मी अमुक तारखेला परत येईन. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला त्यांच्याच हातून गोल करून घे. "आई लांब गेली", "देवाच्या गावाला गेली" असलं काही बोलू नकोस. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पावरा आदिवासी मुलांचे आईबाप ऊसतोडीला लांबच्या गावाला जातात आणि परत येतात. ती पोरं तुझ्या आईचीही वाट बघत बसतील. बोलताना डोळे भरले तर भरू देत. डोकं काढून येणार आहेस तेही आधीच सांगून ठेव.

बाकीचं सोपं आहे. रजेच्या अर्जात कारण स्पष्ट लिही. शोकासाठी वेगळी रजा आपल्याकडे नाही, तेव्हा किरकोळ रजा पुरली नाही तर अर्धवेतनी माग. ती वर्षाला 20 दिवसांप्रमाणे तुझ्या खाती जमा होते. संकोच करू नकोस.

तुझ्या जोडीच्या मॅडमना आता शाळेचे चारही वर्ग एकटीने सांभाळायचेत. त्यांच्या हाती पाठांचं भरगच्च टाचण देऊ नकोस. नवा घटक तर मुळीच नको. भागाकार तू आल्यावर शिकव, तोवर वाचन, पाढे, मणी-माळांनी दशक-एकक एवढं पुरे. त्यापेक्षा त्यांना मुलांची माहिती दे: कोण वाचताना अडखळतं आणि सगळ्यांसमोर उभं केलं की रडतं, कोण धाकट्या बहिणीला सोबत घेऊन येतं, कोणाचं पोट शाळेच्या खिचडीवरच भरतं. हे कुठल्याही रजिस्टरात नसतं, ते फक्त तुला ठाऊक आहे. कपाटाची किल्ली आणि पोषण आहाराची वही आठवणीने दे.

नंतर फोन बाजूला ठेव. केंद्रशाळेतून माहिती मागवली तर मॅडम बघतील, त्यांच्याशी मी बोललो आहे.

परत गेल्यावर पहिल्या दिवशी कोणी काही विचारलं तर शिकवणं थांबव आणि उत्तर दे. टोपी काढून दाखव म्हणाले तर काढून दाखव.

गंधमुक्तीला मी येतोच आहे. त्या दिवशी शाळेचा विषय काढायचा नाही. तुझी आई कशी होती ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझा,
सर