पाठलाग होतोय त्या मुलीला मदत कशी करायची: आधी वही, मग पोलीस ठाणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसबहीण पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अभ्यासिकेतला एक मुलगा पाच महिने तिच्या मागे आहे. नकार दिला तरी नवनव्या नंबरवरून मेसेज करतो, संध्याकाळी मेसच्या वाटेवर उभा राहतो. धमकी दिलेली नाही, अंगाला हात लावलेला नाही. घरचे म्हणतात, सामान उचल आणि परत ये. अशात भावाने काय करावं?

'धमकी नाही, हात लावला नाही' या वाक्यापाशी बहुतेक लोक अडतात. रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही, 'जेवलीस का' असा मेसेज हाही गुन्हा नाही. पण नकार कळल्यानंतर हेच पुन्हा पुन्हा होत राहिलं तर तो पाठलाग आहे. 2013 पासून आपल्याकडे तो स्वतंत्र गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम 354ड होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78. कायद्याला दोन गोष्टी लागतात: तिने स्पष्ट नकार दिलेला असणं आणि तरीही वारंवार संपर्क किंवा संपर्काचा प्रयत्न. ती इंटरनेट, ईमेल, फोन कसा वापरते यावर पाळत ठेवणं हा याच कलमाचा वेगळा भाग आहे, त्यासाठी आधी नकार दिलेला असण्याचीही गरज नाही. एकेक घटना सुटी सांगितली की ऐकणाऱ्याला किरकोळ वाटते. त्या एका माळेत ओवून दाखवणं हे तुमचं खरं काम.

आधी नकार लेखी करा. एकच मेसेज, तिच्या फोनवरून: 'मला तुझ्याशी कोणताही संपर्क नको आहे. फोन, मेसेज करू नकोस, माझ्या मागे येऊ नकोस.' त्यात 'सॉरी' नको, 'सध्या अभ्यास आहे' नको. कारण दिलं की तो त्या कारणावर वाद घालतो. परीक्षेचं कारण दिलं तर परीक्षा संपायची वाट बघतो. यानंतर तिच्याकडून एक अक्षरही जायला नको, शिवीसुद्धा नाही. तीस मेसेजनंतर वैतागून एक उत्तर गेलं, तर तीस मेसेज केले की उत्तर मिळतं एवढंच तो शिकतो. असा नकार आधीच गेलेला असेल तर पुन्हा पाठवू नका, त्याचाच स्क्रीनशॉट जपा.

मग वही. साधी शंभर पानी चालेल. एक नोंद अशी दिसावी: '14 ऑगस्ट, गुरुवार, सायं. 7.40. मेसच्या समोरचा चहाचा स्टॉल. निळा शर्ट, काळी दुचाकी, नंबर अमुक. मी आत गेले तेव्हा होता, 8.25 ला बाहेर आले तेव्हाही होता. सोबत रूममेट. 8.31 ला अनोळखी नंबरवरून मेसेज: आज उशीर झाला.' शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, कारण तो बघत होता हे त्यानेच कबूल केलं. घटना घडली त्याच रात्री लिहा. 'तो फार त्रास देतो' अशा नोंदीचा उपयोग नाही.

मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. इन्स्टाग्रामवर नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर बंद करा. दुकानांच्या सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा दुकानदाराला त्याच आठवड्यात सांगून ठेवा. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. डिजिटल पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा फोन हाताशी हवा.

ब्लॉक करावं का? त्रासाने झोप उडाली असेल तर जरूर करावं. पण ब्लॉक केल्यावर पुढचे मेसेज पोहोचत नाहीत, पुरावा थांबतो आणि तो नवा नंबर घेतो. मधला मार्ग असा: चॅट म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकायचं आणि दोन दिवसांतून एकदा तुम्ही किंवा मैत्रिणीने बघून वहीत नोंद करायची. तिने ते वाचायलाच हवं असं नाही. हा भार तुम्ही उचलू शकता.

तिचा ठावठिकाणा त्याला कसा कळतो हेही शोधा. व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेली उपकरणं, गूगल खात्यात लॉगिन असलेले फोन, मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग तपासा. फोन कधी त्याच्या हातात गेला होता का, विचारा. पाळत ठेवणारं अ‍ॅप सापडलं तर घाईने उडवू नका. पुरावा जातो आणि त्यालाही कळतं. सायबर पोलिसांना दाखवा, तोवर नाजूक बोलणी दुसऱ्या फोनवरून करा. बहुतेक वेळा मात्र माहिती माणसांकडूनच जाते. खोलीच्या मालकीणबाई, मेसवाले, अभ्यासिकेचा व्यवस्थापक यांना त्याचा फोटो दाखवा. तिच्याबद्दल कुणी विचारलं तर 'माहीत नाही' एवढंच सांगा म्हणावं.

पोलीस ठाण्यात जाताना वहीवरून एक पानी तारीखवार गोषवारा काढा, पहिल्या ओळीत नकाराची तारीख टाका. 'एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून घ्या' असं सांगितलं तर नम्रपणे सांगा की कलम 78 दखलपात्र आहे, एफआयआरच व्हायला हवा. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर. प्रत मोफत मिळते. तरीही नकार आला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, त्यापुढे न्यायदंडाधिकारी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

माफीनाम्यावर मिटवू नका. दिल्लीच्या प्रियदर्शिनी मट्टू या कायद्याच्या विद्यार्थिनीने पोलिसांकडे अनेक तक्रारी केल्या होत्या, आरोपीने हमीपत्रंही लिहून दिली होती. जानेवारी 1996 मध्ये त्यानेच तिचा खून केला. माफीनामा घ्यायचाच असेल तर एफआयआरच्या जोडीला घ्या, शिवाय चॅप्टर केस (पोलिसांची प्रतिबंधक कारवाई) करून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र मागा.

पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. म्हणजे तक्रारीनंतर तो लगेच बाहेर असेल, आणि तेव्हाच राग सर्वांत जास्त असतो. पुढचे दोन-तीन आठवडे तिने एकटीने ये-जा करू नये, वेळा बदलाव्यात. पोलिसांच्या दामिनी पथकाला (महिलांच्या सुरक्षेसाठीचं गस्ती पथक) रस्ता आणि वेळ कळवून ठेवा. तिचं लग्न ठरणं, नवा पत्ता त्याला कळणं, त्याने 'जिवाचं बरंवाईट करीन' म्हणणं, हेही धोक्याचे टप्पे. आत्महत्येची धमकी आली तर तिने भेटायला जायचं नाही, 112 वर कळवायचं. 'शेवटचं एकदा भेट, मग विषय संपला' याला तर कधीच होकार नको, तुम्ही सोबत असलात तरी.

मित्र जमवून त्याला 'समज' द्यायला जाऊ नका. उलट गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि तिची तक्रार भांडण ठरते.

आता घरच्यांबद्दल. तिला परत बोलावलं तर शिक्षा तिला झाली. पुढच्या वेळी ती घरी सांगणार नाही आणि ते जास्त धोक्याचं. आपल्याकडे याला अजून 'एकतर्फी प्रेम' म्हणतात. हिंगणघाटला फेब्रुवारी 2020 मध्ये प्राध्यापिकेला जाळलं, तेव्हाही बातम्यांत हाच शब्द होता. घरात तरी तो वापरू नका. 'तू काही बोलली होतीस का त्याच्याशी' हा प्रश्नही नको. आज रात्री फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: 'आज काय काय झालं? सांग, मी लिहून घेतो.'