हात कुठे गेले? ‘जॉय मेक फाइट’बद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर) : जुन्या सामानात ‘जॉय मेक फाइट’ची जपानी कॅसेट मिळाली. नव्वदीतल्या आमच्या टीव्ही गेमवर ती चालते, पण रोबोंना दंड नाहीत, मांड्या नाहीत. डोकं, धड, पंजे, पावलं सुटीच हवेत तरंगतात. कॅसेट बिघडली आहे का?

उत्तर : कॅसेट ठणठणीत आहे. यातले सगळे, म्हणजे ३६च्या ३६ रोबो असेच आहेत आणि ही युक्ती मुद्दाम केलेली आहे. निन्तेंदोने हा गेम २१ मे १९९३ रोजी फॅमिकॉम या आपल्या टीव्ही गेमच्या यंत्रासाठी आणला, तोही फक्त जपानात. तुमचा टीव्ही गेम त्याच यंत्राची नक्कल असतो. त्याआधी अडीच वर्षांपासून सुपर फॅमिकॉम हे पुढचं यंत्र बाजारात होतं. त्यामुळे जुन्या यंत्रावरच्या मारामारीच्या गेमकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

फॅमिकॉमची चित्र काढणारी चिप हलणारी चित्रं ८ ठिपके रुंदीच्या तुकड्यांनी जोडते. पडद्यावर एका वेळी असे ६४ तुकडे मावतात आणि एका आडव्या रेषेत फक्त ८. नववा तुकडा दिसतच नाही. दोन पहिलवान समोरासमोर उभे राहिले की ते नेमके एकाच उंचीवर येतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला त्या रेषेत जेमतेम ४ तुकडे, म्हणजे ३२ ठिपके. अख्खी रेषा २५६ ठिपक्यांची असते. हात पसरून ठोसा मारायचा तर एवढी रुंदी पुरत नाही. स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेमच्या नक्कल कॅसेटींमध्ये पात्रं लुकलुकतात त्याचं कारण हेच.

इथे दंड आणि मांड्या काढूनच टाकल्या. मधल्या रिकाम्या जागेला तुकडा लागत नाही. शिवाय पंजाचं तेच चित्र नुसतं पुढेमागे सरकवून ठोसा होतो, प्रत्येक हालचालीसाठी अख्खा देह नव्याने काढावा लागत नाही. म्हणून हालचाल इतकी सफाईदार वाटते. आमच्या मते ८ बिटच्या यंत्रावर मारामारीच्या गेममध्ये यापेक्षा शहाणपणाची तडजोड झालेली नाही.

खरा बिघाड वेगळा दिसतो. दोघे अगदी भिडल्यावर एखादा भाग क्षणभर लुकलुकला तर सोडून द्या. पण मागच्या देखाव्यात उभ्या पट्ट्या किंवा भलतीच अक्षरं दिसत असतील आणि गेम मात्र चालू असेल, तर चित्रांच्या चिपकडे जाणाऱ्या पिना मळल्या आहेत. पडदा एकाच रंगाचा होऊन गेम सुरूच होत नसेल, तर प्रोग्रामच्या पिनांकडे संशय घ्या. कॅसेटमध्ये या दोन वाटा वेगळ्या असतात, म्हणून लक्षणंही वेगळी दिसतात.

सफाई अशी करा. पिना दोन्ही बाजूंना ३०-३०, एकूण ६० असतात. कापसाच्या काडीवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन थेंब घेऊन पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी निघायची थांबेपर्यंत काड्या बदला आणि १० मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. तोंडाने फुंकायची सवयही सोडा. फुंकरीतली ओल पिनांवर बसते आणि गंज धरतो.

प्रश्न (परभणी) : हाच गेम मोबाइलवरच्या व्हिडिओत पळताना दिसतो, आमच्याकडे रेंगाळतो. आवाजही घोगरा येतो. यंत्र म्हातारं झालं का?

उत्तर : वयाचा दोष नाही. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, आपल्याकडची पाल पद्धत ५० दाखवते. गेम वेळ मोजतो तो चित्रांवरून, म्हणून जपानातल्या १० सेकंदांच्या हाणामारीला आपल्या यंत्रावर १२ सेकंद लागतात. गाण्याची चालही तेवढीच मंदावते. सूर मात्र जवळपास तोच राहतो, कारण प्रोसेसरची गती १.७९ मेगाहर्ट्‌झऐवजी १.७७ असते, फरक नगण्य. घोगरेपणाचं कारण निराळं : बऱ्याच नक्कल यंत्रांच्या चिपमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन आकार एकमेकांच्या जागी बसलेले असतात. दुरुस्ती नाही. त्यापायी पैसे घालवू नका.

प्रश्न (हिंगोली) : उन्हाळ्यात अर्ध्या तासाने चित्र थरथरतं आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो.

उत्तर : कॅसेट बाजूला ठेवा, अडॅप्टर तपासा. या यंत्रांत बहुधा ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो. तो येणारे ९ व्होल्ट ५ वर आणतो आणि उरलेल्या ४ व्होल्टची उष्णता करतो. ३५० मिलिअँपिअरला ती १.४ वॉट होते. बाजारातले स्वस्त ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर ‘९’ लिहून १२ देतात, मग तीच उष्णता अडीच वॉटच्या घरात जाते. बाहेर ४२ अंश तापमान असताना बंद डब्यात हे झेपत नाही. ७८०५ जास्त तापला की स्वतःहून बंद पडतो. तोच तुमचा रीसेट.

मल्टिमीटरने यंत्र चालू असताना व्होल्ट मोजा, ९च्या आसपास हवेत. रेग्युलेटरला साधारण ३ बाय ५ सेंटिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून स्क्रूने कसा. ती पट्टी दुसऱ्या कशाला टेकता कामा नये. शेजारचा कॅपॅसिटर फुगला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पण २५ व्होल्टचा घाला. अडॅप्टर बदलताना पिनेचा मधला भाग धन आहे की ऋण, हे यंत्रावरच्या खुणेशी ताडून पाहा. काही यंत्रांत मधला भाग ऋण असतो. उलट जोडलं तर रेग्युलेटर आणि कधीकधी चिपही जाते, आणि ती चिप मिळत नाही.

प्रश्न (बीड) : जपानी येत नाही. काही कळेल का?

उत्तर : कळेल. डॉ. वॉल्नट्स लढाऊ रोबो पळवतो. मागे उरतो तो सुकापोन हा विनोदी रोबो, त्यालाच डॉ. इमॉन लढाईसाठी तयार करतात. तुम्ही ज्यांना हरवता ते रोबो तुमच्या बाजूला येतात, हे खेळतानाच लक्षात येतं. २०२३ मध्ये निन्तेंदोच्या ‘स्विच’ या नव्या यंत्रावर हा गेम जगभर आला, तोही जपानीतच.

प्रश्न (जालना) : नव्या एलईडी टीव्हीवर चालेल?

उत्तर : पिवळी-पांढरी एव्ही जागा असेल तर चालेल. मात्र काही टीव्ही हा जुना सिग्नल चुकीचा ओळखतात, मग लुकलुकणाऱ्या पंजांवर आडव्या रेघा उमटतात. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. त्याने रेघा जातीलच असं नाही, पण बटण दाबल्यावर ठोसा उशिरा पडणं कमी होतं.