न्यायाधीश आणि वकील शाळेत बोलवायचे तर

प्रश्न : आमची माध्यमिक शाळा तालुक्याच्या गावापासून दूर आहे. मुलांना कायदा समजावा म्हणून न्यायाधीशांना बोलवायचे आहे. कोणाला भेटायचे आणि मानधन किती द्यायचे? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : मानधन द्यायचे नसते आणि ओळखपाळखही लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते आणि तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. त्याचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश, तर रोजचे काम सचिव पाहतात. लोकांना कायद्याची माहिती देणे हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यांच्याकडे सोपवलेले काम आहे, तेव्हा संकोच बाळगू नका. शाळेच्या लेटरहेडवर इयत्ता, मुलांची संख्या, एकच विषय आणि दोन-तीन तारखा लिहून पत्र द्या. अकराच्या सुमारास न्यायालयाचे कामकाज सुरू होते, म्हणून वेळ सकाळची सुचवा. न्यायाधीशांना जमले नाही तर समितीच्या पॅनेलवरचे वकील येतात. मुलांशी बोलायची हातोटी असलेले वकील मिळाले तर तास अधिकच रंगतो.

असे कार्यक्रम फसतात ते एकाच पद्धतीने. सगळी शाळा मैदानात बसवायची, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकात अर्धा तास घालवायचा, मग उरलेल्या वेळात कलमांची यादी. मागच्या रांगांपर्यंत काहीच पोचत नाही. त्याऐवजी नववीचा एकच वर्ग घ्या. आठवडाभर आधी वर्गात एक बंद डबा ठेवा आणि मुलांना नाव न घालता चिठ्ठ्या टाकू द्या. ‘बाबा आईला मारतात, पोलिसांना सांगितलं तर बाबांना नेतील का?’ असा प्रश्न मूल हात वर करून कधीच विचारणार नाही, चिठ्ठीत मात्र लिहील. चिठ्ठ्या शिक्षकांनी आधी वाचून वक्त्यांना द्याव्यात. सतरा वर्षांच्या बहिणीचे लग्न ठरल्याची चिठ्ठी निघाली, तर ती सभेत वाचायची नाही. त्याच दिवशी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करायचा.

एक गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवा. न्यायाधीश चालू खटल्याबद्दल बोलू शकत नाहीत. बांधाच्या वादाचे कागद घेऊन कोणी दारात उभे राहिले, तर त्यांना समितीच्या कार्यालयात पाठवा. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

प्रश्न : आम्ही अभिरूप न्यायालय, म्हणजे मुलांनी चालवलेला लुटुपुटूचा खटला, करणार आहोत. मोबाइल चोरणारा पंधरा वर्षांचा मुलगा आरोपी आहे. संहिता ठीक वाटते का? – एक शिक्षक

उत्तर : आरोपी बदला. अठराखालचे मूल अशा पिंजऱ्यात उभे राहत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मुले नेमके चुकीचेच शिकतील.

त्यापेक्षा पालकांचा खटला घ्या. मुलगा गावातून स्कूटर चालवताना सापडला आणि चावी दिल्याचा आरोप वडिलांवर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली वडिलांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. या खटल्यात शिकण्यासारखे खूप आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायचा भार सरकार पक्षावर असतो. इथे मात्र गाडी पालकांच्या संमतीने नेली असे न्यायालय गृहीत धरते, आणि आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे वडिलांना दाखवावे लागते. चावी खिळ्याला टांगलेली होती की कपाटात कुलपात? सगळा उलटतपास या एका चावीभोवती फिरवा.

दोन तास आणि बारा मुले पुरतात : न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, आरोपी, तीन साक्षीदार, पुकारा करणारा शिपाई, लघुलेखक, बाकीचे वार्ताहर. पाठ केलेले संवाद देऊ नका. प्रत्येक साक्षीदाराला त्याने काय पाहिले एवढेच चार ओळींत लिहून द्या. एक नियम पक्का करा : सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, सूचक (उत्तर सुचवणारा) प्रश्न नाही. ‘तुम्ही मुलाला स्कूटरवर पाहिलंत ना?’ असे सरकारी वकिलाने विचारले की बचावाने उठून हरकत घ्यायची. ‘त्या दिवशी काय पाहिलंत?’ हा प्रश्न चालतो. स्थानिक वकिलांना तालमीच्या एका तासाला बोलवा; प्रयोगाच्या दिवशी बोलावले तर चुका दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

प्रश्न : व्याख्यानानंतर एका मुलीने बाईंना अत्याचाराबद्दल सांगितले. आधी खात्री करून घ्यावी का? – एक पालक

उत्तर : नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायलाच हवे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरोप शाळेतल्याच कर्मचाऱ्यावर असेल आणि संस्थाप्रमुखाने दडवला, तर वर्षभरापर्यंत. चौकशी समिती नेमून मुलीला पाच जणांपुढे तेच बोलायला लावू नका. तिचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवा आणि नाव बाहेर जाऊ देऊ नका. ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन तिला देऊ नका, ते पाळता येत नाही. व्याख्यानाला आलेल्या वकिलांना किंवा प्राधिकरणाच्या सचिवांना त्याच दिवशी फोन करा. मुलीसाठी मोफत वकील तिथूनच मिळतो. विधी सेवेची मदतवाहिनी १५१०० आहे.