‘पोरगी तिकडं कमावून शिकेल’ म्हणणाऱ्या एजंटला अडीच लाख द्यावेत का?

परदेशी शिक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. थोरली मुलगी इचलकरंजीला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढचं शिक्षण जपानला घ्यायचं म्हणते. इथला एक एजंट म्हणतो, आधी दीड वर्ष भाषाशाळेत घालू, आठवड्याला २८ तास काम करून ती सगळा खर्च स्वतः काढेल, घरून पैसा लागणार नाही. त्यासाठी आत्ता अडीच लाख भरा. मेहुणे म्हणतात, पाठवायचंच तर अमेरिकेला पाठवा, आशियात काय ठेवलंय! आणि तिच्या आईचं एकच चाललंय, भाषा येत नाही, पोरगी आजारी पडली तर डॉक्टरला काय सांगेल? काय करावं? — एक वडील, सोलापूर

उत्तर : काका, अडीच लाख भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

भाषाशाळेचा रस्ता खोटा नाही. बारावीनंतर जपानी माध्यमातून पदवी करायची असेल तर तो लागतो. तुमच्या मुलीच्या हातात मात्र लवकरच इंजिनिअरिंगची पदवी येईल. तिला पदव्युत्तर शिक्षणासाठी थेट विद्यापीठात अर्ज करता येतो, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये मास्टर्सचं काम इंग्रजीतून होतं. मग आयुष्यातलं दीड वर्ष आणि भाषाशाळेची वर्षाला सात-आठ लाख येन फी कशापायी घालवायची?

आता त्या २८ तासांचा हिशेब. तुम्ही कारखाना चालवता, तुम्हाला हिशेब शिकवायची गरज नाही, मी फक्त आकडे देते. विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी काढावी लागते. मर्यादा आठवड्याला २८ तास, कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. मजुरी गावानुसार ताशी हजार ते बाराशे येन. सगळे तास भरले तर महिन्याला सव्वा लाख येनच्या आसपास, म्हणजे साधारण सत्तर हजार रुपये. आकडा ऐकायला मोठा वाटतो. त्यातून खोलीचं भाडं, जेवण, वीज, गॅस, फोन, विमा आणि थंडीचे कपडे वजा करा. काटकसरीनं राहिली तर राहण्या-खाण्याचं भागेल. फी भागणार नाही.

शिवाय हे तास ती भरणार कधी? मी नागानो प्रांतातल्या उएदा गावात शिकले. आमच्या लॅबमध्ये सकाळी आलेलं माणूस रात्री आठच्या आत क्वचित उठायचं. शनिवार-रविवारी मी एका बेकरीत पाव पॅक करायचे, त्यातून भाजीपाला आणि फोनचं बिल निघायचं, बस. रात्रपाळी करून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी मुलंही मी पाहिली. २८ तासांची मर्यादा ओलांडली तर व्हिसा वाढवून मिळताना अडतो, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

त्या एजंटला एक गोष्ट विचारा. व्हिसाच्या आधी जपानच्या इमिग्रेशन खात्याकडून पात्रतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या अर्जात शिक्षणाचा खर्च कोण उचलणार ते लिहून त्याचे पुरावे जोडायचे असतात. तिथं तो कोणाचं नाव लिहिणार? घरून पैसा लागणार नाही, असं तोंडी सांगायचं आणि अर्जात वडिलांच्या नावे फुगवलेलं बॅंक स्टेटमेंट जोडायचं, असा धंदा चालतो. पकडलं गेलं तर नाव मुलीचं खराब होतं, एजंटचं नाही. असा एक कागद जरी त्यानं तुमच्याकडे सहीला आणला, तर सही करू नका.

मेहुण्यांनाही उत्तर देऊन टाकते. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाच्या वेळी एकदाच २,८२,००० येन. तोक्यो विद्यापीठासारख्या काही ठिकाणी ती अलीकडे वाढली आहे, बाकी बहुतेक ठिकाणी हाच आकडा. रुपयांत वर्षाची फी तीन लाखांच्या आसपास. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एवढ्यात एक सत्रही निघत नाही. आणि आशियात काय ठेवलंय म्हणाल, तर तुमच्या मुलीच्या विषयात बरंच काही. उएदाला शिन्शू विद्यापीठाची वस्त्रविज्ञानाची फॅकल्टी आहे. तिची सुरुवात १९१० मध्ये रेशीमशेतीचं कॉलेज म्हणून झाली, कारण ते गावच रेशमाचं. आज जपानमध्ये वस्त्रविज्ञानाची वेगळी फॅकल्टी तेवढी एकच. क्योतोच्या तंत्रज्ञान विद्यापीठातही तंतुविज्ञानाचं चांगलं काम चालतं. टॉवेल-चादरीच्या गावातल्या मुलीनं तिकडे जाण्यात वावगं काय?

आता मुख्य काम, आणि ते मुलीनं स्वतः करायचं आहे. जपानमध्ये मास्टर्सचा प्रवेश बऱ्याचदा प्राध्यापकापासून सुरू होतो. त्यांनी ‘माझ्या लॅबमध्ये घेईन’ म्हटलं की पुढची दारं उघडतात. काही ठिकाणी आधी सहा महिने ते वर्षभर संशोधक विद्यार्थी म्हणून राहून मग प्रवेशपरीक्षा द्यायची असते. म्हणून पहिली ईमेल फार महत्त्वाची. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’ अशा ईमेलचा त्यांच्याकडे ढीग पडतो आणि तो न वाचता पुसला जातो.

तिला सांगा, सुट्टीत घरी आली की काही दिवस कारखान्यात वही घेऊन बस. कोणत्या मागावर पाइलचा (टॉवेलवरच्या फाशांचा) धागा जास्त तुटतो, टॉवेल चार-पाच धुण्यांनंतर पाणी कसं शोषतो, पहिल्या धुण्याच्या आधी का शोषत नाही, कांजी किती लावता, ती नीट निघते का. तुम्ही हे रोज पाहता म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. तिनं प्राध्यापकांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचावा आणि लिहावं : आमच्या घरी टेरी टॉवेल विणले जातात, पाणी शोषण्याबद्दल मी हे मोजलं, तुमच्या निबंधातल्या अमुक पद्धतीनं ते मोजता येईल का? मेल पंधरा ओळींच्या वर नको. सोबत गुणपत्रक आणि एका पानाचा बायोडेटा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी नम्रपणे एकदा आठवण, मग पुढचे प्राध्यापक. यासाठी कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही.

पैशासाठी जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती बघा. फी माफ, जाण्या-येण्याचं विमान आणि मास्टर्सला महिन्याला १ लाख ४० हजार येनच्या वर. एक वाट दूतावासाची. तिचे अर्ज साधारण एप्रिल-मे महिन्यात निघतात, लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, आणि निवड झाली तर जाणं पुढच्या वर्षी. दुसरी वाट विद्यापीठाच्या शिफारशीची, म्हणजे पुन्हा प्राध्यापक. शिष्यवृत्ती नाही मिळाली तरी राष्ट्रीय विद्यापीठात फी पूर्ण किंवा अर्धी माफ होण्यासाठी अर्ज करता येतो. इतर वाचकांसाठी जाता जाता : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती फक्त इंग्लंड-अमेरिकेसाठी असते असा समज आपल्याकडे पक्का आहे. तसं नाही. जागतिक क्रमवारीच्या अटीत बसणारं आशियातलं विद्यापीठही चालतं. अनुसूचित जातीच्या मुलांनी याची जाहिरात निघाली की तारखा चुकवू नयेत.

कागदपत्रांत नावाचं स्पेलिंग बघा. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पुढे, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. क्रम वेगळा असला तरी निभावतं, पण एकीकडे एक ‘ए’ आणि दुसरीकडे दोन ‘ए’ असले की खुलासे करत बसावं लागतं. बोर्डाची दुरुस्ती पुण्याच्या विभागीय मंडळातून होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून आजच तपासा.

काकूंच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त मान देते, कारण तो खरा प्रश्न आहे. विम्याची काळजी नको : परदेशी विद्यार्थ्यालाही राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो, मग दवाखान्याच्या बिलातला ३० टक्के वाटा आपला. पण डॉक्टरांशी बोलायला भाषा लागतेच. मला उएदाला पहिल्याच हिवाळ्यात कानाचं दुखणं लागलं. तोपर्यंत जपानी जेमतेम होतं, पण ‘इथं दुखतं’, ‘तीन दिवसांपासून’, ‘ताप नाही’ एवढं मला नीट सांगता आलं, आणि डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढून बाकीचं समजावलं. तीन वाक्यांनी काम झालं. ती तीन वाक्यं मात्र निघण्याच्या आधी यायला हवीत.

इंग्रजीतून पदवी मिळेल, पण घरमालक, नगरपालिकेची खिडकी, दुकान, आणि पुढे नोकरी हे सगळं जपानीतच. जपानी कंपन्या परदेशी मुलांकडून बहुतेक वेळा एन-२ पातळीची अपेक्षा ठेवतात (जपानी भाषेच्या परीक्षेत एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड), आणि तिथली नोकरीची शोधाशोध पदवीच्या वर्षभर आधीपासून सुरू होते. म्हणजे तिकडे गेल्यावर बघू म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा पुण्यात देता येते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. अर्ज चालू असतानाच तिनं एन-५ द्यावी आणि निघेपर्यंत एन-४ च्या तयारीला लागावं. एजंटचे अडीच लाख वाचले, त्यातला छोटा हिस्सा चांगल्या शिक्षकाला द्या.

आणि काकू, भाषेची धास्ती घेऊ नका. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी. कुणी शिकवली नाही, कानावर पडून आली. तुमच्या कारखान्यातही दिवसभर यातल्या तीन भाषा तरी चालत असतील आणि तुमची लेक त्यातच वाढली. तिला पाचवी भाषा जड जाणार नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी भरपूर द्या, पहिला महिना त्यावर निघतो. शाकाहारी असाल तर तिला आधीच सांगून ठेवा की तिथल्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. चादरी मात्र देऊ नका. तिथला जानेवारी शून्याखाली जातो, तिला तिथलंच जाड पांघरूण घ्यावं लागेल, आणि बॅगेतलं ते वजन पुस्तकांना लागेल.

प्रश्न : भावाला नीटमध्ये कमी मार्क पडले, पण तो पात्र आहे. किरगिझस्तानला एमबीबीएससाठी पाठवायचं चाललंय. तिथं सगळं इंग्रजीत शिकवतात आणि इंटर्नशिप भारतात येऊन केली तरी चालते, असं सांगतात. खरं आहे का? — एक बहीण, बार्शी

उत्तर : इंटर्नशिपचं खरं नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम स्वच्छ आहेत : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकासारखा डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा. भारतात परतल्यावर परवाना परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळी. या परवाना परीक्षेत, म्हणजे आत्ताच्या एफएमजीईत, ३०० पैकी १५० गुण लागतात आणि त्यात नापास होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कॉलेजकडून या तिन्ही अटींचं उत्तर लेखी मागवा. लेखी देत नसतील तर फी भरू नका, मग विमानाचं तिकीट काढलेलं असलं तरीही.

‘सगळं इंग्रजीत’ याचा अर्थही नीट समजून घ्या. वर्ग इंग्रजीत असेल, रुग्ण किरगिझ आणि रशियन बोलतो. त्याला कुठं दुखतं हे ज्याला विचारता येत नाही तो वॉर्डात भिंतीला टेकून उभा राहतो आणि वर्षं निघून जातात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते युद्धात जखमींची सेवा करायला, आणि तिथं राहून चिनी भाषा शिकले. शहरातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. भावाला तिथं घेऊन जा. मग त्याला विचारा, रशियन शिकायची तयारी आहे का. तो नाही म्हणाला, तर एक वर्ष घरी बसून पुन्हा नीट दिलेली बरी.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. सिंगापूरच्या विद्यापीठात ट्युइशन ग्रँट घेतली तर फी बरीच कमी होते, पण ३ वर्षं तिथं नोकरी करायचा करार असतो. बाबा म्हणतात, बॉण्ड म्हणजे गळ्यात फास. घ्यावी का? — विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : शिकून झाल्यावर तुला सिंगापुरात काही वर्षं काम करायचंच असेल तर नक्की घे. करार तिथल्या शिक्षण मंत्रालयाशी असतो आणि नोकरी ठरावीक एका कंपनीत नव्हे, सिंगापुरात नोंदणी असलेल्या कोणत्याही कंपनीत चालते. पण नोकरी शोधायची जबाबदारी तुझी. मध्येच सोडलं तर मिळालेली ग्रँट व्याजासकट परत करावी लागते, आणि तू न भरल्यास जामीनदाराकडे मागतात. म्हणून बाबांची काळजी रास्त आहे. पदवीनंतर लगेच अमेरिकेला जायचं मनात असेल तर ग्रँटच्या भरवशावर सिंगापूर निवडू नकोस. ग्रँटविना पूर्ण फी किती आणि ग्रँटनंतर किती, हे दोन्ही आकडे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमानुसार दिलेले असतात. ते काढ, कराराचा नमुना छापून घे, आणि बाबांच्या शेजारी बसून त्याचं प्रत्येक कलम मराठीत सांग. वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं, त्यामुळे हे बोलणं बोर्डाच्या परीक्षेआधीच उरकून घे.