घोड्याचा डॉक्टर विसरू नका

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन महाविद्यालयाचा इतिहास वाचतोय. त्यात विश्वस्त आणि अध्यक्ष यांच्या पत्रव्यवहाराचा सारखा उल्लेख येतो. हे दोघे एकमेकांना एवढं लिहीत तरी काय होते? शिक्षणाबद्दलचे विचार?

उत्तर : विचार असतात, पण चिमूटभर. बाकी सगळा पैसा, जमीन, विटा आणि माणसं. आयुष्यभर जुन्या कागदपत्रांच्या दालनात नोकरी केली, त्यामुळे हे जरा ठासून सांगतो. उदात्त वाक्यं शोधायला येणारे अभ्यासक पहिल्या दोन तासांत हिरमुसतात. पावत्यांकडे दुर्लक्ष न करणाऱ्यांच्या हाती मात्र काहीतरी लागतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावचं कॉर्नेल विद्यापीठ, त्याचंच उदाहरण घेऊ. एझ्रा कॉर्नेल हा मुळात सुतारकाम, यंत्रकाम करणारा गडी. शाळा बेताचीच. तारायंत्राच्या तारा टाकण्याच्या धंद्यात कफल्लक होता होता श्रीमंत झाला. अँड्र्यू डिक्सन व्हाइट त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. येलचा पदवीधर, युरोप पाहिलेला, इतिहासाचा प्राध्यापक. दोघे राज्याच्या सिनेटमध्ये भेटले आणि सुरुवात झाली ती मतभेदानं. महाविद्यालयं काढायला केंद्र सरकारनं राज्यांना जमिनीचे हक्क दिले तो 1862चा मॉरिल कायदा; त्यानं न्यूयॉर्कला 9,90,000 एकरांचा हक्क मिळाला होता. तो दोन संस्थांत वाटावा, असं कॉर्नेलचं म्हणणं. तुकडे करायचे नाहीत, असं व्हाइटचं. शेवटी कॉर्नेलनं पदरचे 5 लाख डॉलर आणि इथाकाच्या टेकडीवरचं आपलं शेत देऊ केलं. 1865 साली विद्यापीठाला सनद मिळाली. कॉर्नेल विश्वस्त झाला आणि व्हाइट पहिला अध्यक्ष.

1868 साली व्हाइट पुस्तकं, उपकरणं आणि प्राध्यापक मिळवायला युरोपला निघाला. बोट धक्क्यावरून सुटत असताना कॉर्नेलनं काय बजावलं असेल? ग्रंथालयाचं काही नाही, तत्त्वज्ञानाचं काही नाही. चांगला घोड्याचा डॉक्टर आणायला विसरू नका! हे व्हाइटनं स्वतःच पुढे नमूद करून ठेवलंय. तो गेला, भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉपचा ग्रंथसंग्रह विकत घेतला, ऑक्सफर्डचे गोल्डविन स्मिथ यांना पगाराविना यायला राजी केलं, आणि हो, जेम्स लॉ नावाचा पशुवैद्यही आणला. लॉच्या हाताखाली शिकलेल्या डॅनियल सॅमनला 1876 साली अमेरिकेतली पशुवैद्यकाची पहिली डॉक्टर पदवी मिळाली. साल्मोनेला या जंतूचं नाव त्याच्यावरूनच पडलं. म्हणजे ती धक्क्यावरची सूचना काही खुळचट नव्हती.

जमिनीचं प्रकरण मात्र पानंच्या पानं खातं. सरकारनं राज्याला प्रत्यक्ष जमीन दिली नव्हती, दिल्या होत्या कागदी हक्काच्या चिठ्ठ्या, ज्यांना स्क्रिप म्हणत. अनेक राज्यांनी त्या एकदम बाजारात ओतल्या आणि भाव एकरी 50 सेंटांच्या आसपास घसरला. कॉर्नेलनं त्या स्वतः उचलल्या आणि विस्कॉन्सिनमधलं पाइनचं जंगल निवडून घेतलं. नफा विद्यापीठाचा, खर्च माझा, असा करार. दरवर्षी तिथला कर भरायचा, दलालांची बिलं भागवायची आणि झाडांना भाव येईपर्यंत वाट बघायची. 1874 साली तो वारला तेव्हाही ती वाट संपलेली नव्हती. तोवर इथाकात प्राध्यापकांच्या पगाराची ओढाताण. अशा काळातल्या पत्रांत ‘शिक्षण’ हा शब्द कमी आणि ‘कर’ जास्त आला, तर नवल कसलं?

प्रश्न : पण पत्र तर पाठवलं की गेलं. मग दोन्ही बाजूंची पत्रं आज एकत्र कशी सापडतात?

उत्तर : नकलांच्या वहीमुळे. पतंगाच्या कागदाहून पातळ, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या पानांची ही जाडजूड वही. पत्र खास शाईनं लिहायचं, वहीतलं कोरं पान ओलं करून त्यावर ठेवायचं, मध्ये तेलकट कागद घालायचा आणि लोखंडी दाबयंत्राचा स्क्रू पिळायचा. थोडी शाई पातळ पानात उतरते. उमटते अर्थातच उलटी, पण पान आरपार असल्यामुळे दुसऱ्या बाजूनं सुलटी वाचता येते. मूळ पत्र टपालात, नक्कल कचेरीत, समोरून आलेल्या पत्रांच्या शेजारी. ही युक्ती जेम्स वॉटची, वाफेच्या इंजिनवाल्याची. 1780चं पेटंट आहे.

पाणी जास्त झालं की अक्षरं फुटतात, कमी झालं की भुतासारखी फिकट. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका फुटलेल्या पानावर 1चा 7 वाचून मी अख्खी दुपार हिशेब जुळवत बसलो होतो. साहेबांनी पान खिडकीकडे धरलं, हसले आणि काही न बोलता चहाला गेले.

प्रश्न : विश्वस्त हा अध्यक्षाचा वरिष्ठ होता का?

उत्तर : कागदोपत्री विश्वस्त मंडळ वरिष्ठ. प्रत्यक्षात ज्याच्या हातात पैसा आणि जो जागेवर हजर, तो. कॉर्नेलनंतर मंडळाची सूत्रं हेन्री सेज या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेली. मुलींना मुलांइतकंच शिक्षण मिळेल या अटीवर त्यानं आधीच अडीच लाख डॉलर दिले होते. पाइनच्या झाडांची किंमत त्याला नेमकी कळत होती. घाईनं विकायला निघालेल्यांना त्यानं थोपवून धरलं आणि शेवटी त्या जंगलातून सुमारे 50 लाख डॉलर आले. असा माणूस अध्यक्षाला पत्र लिहितो, तेव्हा ‘सुचवतो’ म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक असतं.

1879 ते 1881 व्हाइट बर्लिनला अमेरिकेचा राजदूत होता आणि अध्यक्षपदही त्याच्याकडेच होतं. समुद्राखालून तार जायची, पण शब्दाशब्दाला पैसे. आगबोटीनं पत्र पाठवलं तर उत्तर हातात यायला महिना जायचा. त्याच काळात, 1881 साली, इथाकात कारभार पाहणारे उपाध्यक्ष रसेल यांचा राजीनामा विश्वस्तांनी घेतला.

म्हणून तुमच्या पुस्तकासाठी एक सुचवतो. शेजारी एक कोरा कागद घ्या. प्रत्येक पत्राची तारीख आणि त्या दिवशी दोघं कुठे होते ते मांडत जा. पत्रांचे ढीग दिसतील ते एकजण दूर असतानाचे. दोघंही गावात असले की एकजण टोपी घालून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. मोठ्या भांडणाच्या महिन्यात एकही पत्र सापडलं नाही, तर भांडण झालंच नाही असं धरू नका. बहुधा ते समोरासमोर झालं.