साडेचार हजारांची पैठणी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहते. मिस्टर खासगी कंपनीत, मी घरीच पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत. आमचं घर काटकसरीत चालतं आणि त्याची मला लाज नाही. सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहिते. मागचा ५२ दिवस पुरला. साय साठवून तूप कढवते, बेरीत कणीक मळते. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देते. मिस्टर माझ्याही पुढचे. त्यांच्या चपलेला परवा तिसऱ्यांदा टाके घातले.

जानेवारीत सोसायटीतल्या बायकांची शिर्डी-वणी सहल होती. मध्ये बस येवल्याला थांबली. त्याच आठवड्यात मला भिशी लागली होती, २० हजारांची. नुसतं बघून येऊ म्हणून आत गेले आणि मोरपंखी रंगाची, मुनिया काठाची हातमागाची पैठणी घेऊन बाहेर आले. १६,५०० रुपये. फोनवरून पैसे देताना अंगठा थरथरत होता.

घरी सांगितलं, सेमी पैठणी आहे, साडेचार हजारांची. मिस्टर एवढे खूश, की चार ठिकाणी बायकोचं कौतुक करून आले. त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझी नणंद. वैशाखात तिच्या मुलाची मुंज आहे. "वहिनी, मला डिट्टो अशीच आण, फक्त मरून रंगात," असं म्हणून तिने साडेचार हजार पाठवलेसुद्धा! आता वरचे १२ हजार मी घालू, की साडेचारात मिळेल ती आणून देऊ? रात्री झोप येत नाही. पैसे उडवले म्हणून की खोटं बोलले म्हणून, तेही कळत नाही.
— र., चिंचवड

उत्तर : र.ताई, पत्र वाचून आधी हसले, मग माझंच एक जुनं प्रकरण आठवलं आणि हसू आवरलं. ते पुढे सांगते. आधी साडीचं बघू, कारण मुंज काही थांबायची नाही.

साडेचारची सेमी आणून देणं वरवर सरळ दिसतं. तुम्ही सेमी म्हणालात, तिने सेमी मागितली, संपलं. पण मुंजीच्या दिवशी तुम्ही दोघी शेजारी उभ्या राहणार. आणि बायका पैठणीचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे: पदर उलटा करून बघतात. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही मोरच दिसतो, कारण विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून तिथेच अडकवतो. सेमी म्हणजे यंत्रमागाच्या साडीत मागे लोंबते धागे नाहीतर कापलेली टोकं. मांडवातली एखादी काकू दोन्ही पदर उलटे करणार आणि म्हणणार, "अगं, हिची खरी आहे आणि तुझी सेमी." त्यावर नणंद काय समजेल? वहिनीने माझ्या पैशात मला हलकी साडी आणून दिली. तुम्ही फक्त किंमत लपवली होती, पण तुमच्यावर आळ येईल तो वेगळाच.

आणि वरचे १२ हजार घालाल, तर मग जाऊबाई आहेत, मिस्टरांच्या ऑफिसातल्या बायका आहेत. साडेचार हजारांत खरी पैठणी आणून देणारी बाई म्हणून तुमचं नाव झालं, तर भिशी वर्षभर तुम्हालाच लागली तरी पुरायची नाही.

तेव्हा सांगून टाका. आधी मिस्टरांना, आजच. "जरा महाग होती" असं नको, १६,५०० हा आकडा तोंडातून बाहेर पडू दे. आणि त्या वेळी ५२ दिवसांचा सिलिंडर, साय, पिशव्या यातलं काहीही पुढे करू नका. मोह तो होईल. पण कबुलीच्या दिवशी काटकसरीचं बिल फाडलं की समोरच्याला वाटतं, ही इतके दिवस आपल्या नावावर उधारी मांडत होती. बेरीत मळलेल्या कणकेची पोळी खुसखुशीत होते म्हणून मळायची, त्याची मजुरी कसली मागायची?

ते रागावतील का? थोडे रागावतील. मला वाटतं, साडीपेक्षा चार ठिकाणी तोंडघशी पाडलं याचा राग जास्त असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. चपलेला टाके घालणारा माणूस तुमच्या साडीने एवढा खूश झाला, हे पत्रात तुम्हीच लिहिलंय. १६,५०० ऐकून तो खूश झालाच नसता, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? त्याला विचारलंच नाहीत.

नंतर नणंदेला फोन करा आणि साडेचार हजार लगेच परत पाठवा. "वन्सं, मी किंमत खोटी सांगितली होती. तुम्हाला सेमी हवी तर सेमी आणते, खरी हवी तर अमुक पडेल." ती महिनाभर हे सगळ्यांना सांगेल. सांगू दे.

आता माझं. मी २७ वर्षं पोस्टाची एजंट होते, महिला प्रधान योजनेतली. लालबागच्या चाळींत दारोदार फिरून बायकांच्या आरडीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या खात्याचे, हप्ते गोळा करायचे, कार्डावर सही करायची, पोस्टात भरायचे. शेकडा ४ रुपये कमिशन. तांदळाच्या डब्यातून काढलेल्या नोटांना बोरिक पावडर लागलेली असायची, माझी पर्स आतून पांढरी. निम्म्या बायकांची दोन कार्डं असत. एक नवऱ्यासमोर काढायचं, दुसरं तो कामावर गेल्यावर. कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवत: मुंज, फ्रिज, दात. दात म्हणजे सासूबाईंची कवळी. एका कार्डावर 'बो. ना.' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "बोलायचं नाही!" पाच वर्षांनी पैसे हातात आल्यावर तिने पायातले वजनदार पैंजण केले आणि वर्षभर नेसत्या साडीखाली झाकून फिरली. चालताना वाजू नयेत म्हणून घुंगरांत कापूस कोंबला होता. मला त्या वेळी फार गंमत वाटली होती. आज वाटतं, बिचारीने पाच वर्षं साठवलं आणि छुमछुम काही ऐकली नाही.

माझी चोरी त्याहून किरकोळ. १५ तारखेच्या आत पैसे भरायची घाई असे. ते भरले की मी पोस्टासमोरच्या इराण्याकडे एकटी बसून ब्रून मस्का आणि चहा घ्यायची. ११ रुपये. वहीत लिहायची, 'इतर किरकोळ'. यजमान रेल्वेत हिशेबनीस, घरची वहीही तेच तपासत. एका दिवाळीत म्हणाले, "हे किरकोळ नेमकं १५ तारखेच्याच आसपास कसं येतं?" मला रडू फुटलं, ११ रुपयांसाठी! मग हळूहळू त्यांच्याकडून बाहेर आलं, की रद्दीचे पैसे वहीत कधीच जमा होत नव्हते. दर दोन महिन्यांनी स्टेशनवर मिसळ व्हायची. त्यानंतर वहीत दोन रकाने आले, तिचे आणि त्याचे. त्यात रक्कम लिहायची, कशावर गेली ते लिहायचं नाही आणि विचारायचंही नाही. संसारात आमची भांडणं पुष्कळ झाली, पण त्या रकान्यांवरून एकही नाही.

तुम्हीही तसंच करा. शिकवण्यांतले महिन्याला ५०० रुपये पोस्टात आरडीला टाका. ६० महिन्यांत ३० हजार मुद्दल आणि वर व्याज. तेवढीच रक्कम मिस्टरांच्या नावे वेगळी, नाहीतर ते त्यातूनही मुलाची फी भरतील. यंदा बारावीचं वर्ष आहे, म्हणून ५०० जड वाटले तर १०० ने सुरू करा, खातं १०० नेही उघडतं. फक्त हप्ता चुकवू नका. चुकला तर शेकडा १ रुपया दंड आहे. रक्कम छोटी, पण पोस्टाच्या खिडकीवर तो भरताना उगाच अपराध्यासारखं वाटतं.

आणि ती साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर आधी काढा. मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर जर घडीवर चिरते. मुंजीला तीच नेसा. आणि कुणी पदर उलटा करून बघायला मागितला, तर दाखवा.